बेसला चाल नसते, असं कोण म्हणतं?

बेस गिटारवर स्वतःचं काही रचायचं असेल तर आधी गाव सोडायला हवं, असं ठामपणे सांगणारी मंडळी मराठी संगीताच्या जगात जागोजागी भेटतात. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तर त्यात तीन गोष्टी निघतात. एक, बेस हे परकं वाद्य आहे, आपल्या संगीतात त्याला जागाच नाही. दोन, बेसला चाल नसते. चाल गाणाऱ्याची, बेसवाल्याने मागे उभं राहून भरत जायचं. तिसरी गोष्ट सहसा कुणी उघड बोलत नाही, पण ती ऐकणाऱ्या पोराच्या मनात पक्की बसते: स्टुडिओ, क्लास आणि ग्रेड परीक्षा मुंबई-पुण्यात आहेत, तेव्हा वडनेर भोलजीसारख्या गावातल्या कुणी मोबाईलवर बघून गाजलेल्या चार रिफ बोटांत बसवल्या तरी पुष्कळ झालं.

या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांनी नुकसान होतं. विशी गाठलेला मुलगा सेकंडहँड बेस विकत घेतो, दोन वर्षं इंग्रजी गाण्यांच्या रिफ हुबेहूब वाजवतो, मग एखाद्या ऑर्केस्ट्रात महिनाभर उभा राहतो आणि वाद्य कपाटावर ठेवून देतो. त्याला वाजवता येत नव्हतं म्हणून असं होत नाही. आपण रचायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

परकेपणापासून सुरुवात करू. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात बाजारात आणला, म्हणजे वाद्य अमेरिकेतलं, यात वाद नाही. पण ज्या भजनी मंडळाच्या नावाने आपल्या परंपरेची ग्वाही दिली जाते, त्याच्या मधोमध कोणतं वाद्य असतं? पेटी. ती युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, कारण ती आपल्या गायकीला मारक आहे असं तेव्हाच्या जाणत्यांचं मत होतं, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कोणत्या देवळातली पेटी थांबली? भजन म्हणणाऱ्यांनी त्या वाद्याचा जन्मदाखला मागितला नाही. त्यांनी तिच्यावर अभंग वाजवले आणि ती आपली झाली. क्लॅरिनेट लग्नाच्या बँडमध्ये आला तेव्हाही असंच घडलं. वाद्य कुठे जन्मलं याला महत्त्व फार थोडं, त्यावर काय रचलं जातं याला सगळं.

आणि बेसचं काम आपल्याकडे कधी नव्हतं, हे तर डग्गा न ऐकलेल्या माणसानेच म्हणावं.

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं गाव. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, सुरतहून नागपूर-कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर. पूर्वी याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापसाचा मुलूख. याच रस्त्यावर नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान उभा आहे, आणि शेगावही काही फार लांब नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला की आठवडाभर मृदंग वाजत राहतो. मृदंगाच्या डाव्या पुडीला वादक कणकेचा ओला गोळा लावतो. ती कणीक कशासाठी असते? पुडी जड व्हावी, तिचा आवाज खाली उतरावा, त्याला घुमारा यावा म्हणून. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी लावायची. खालच्या आवाजासाठी एवढी मेहनत घेणाऱ्या लोकांना ‘तुमच्या संगीतात बेस नाही’ असं सांगायला फार धीर लागतो.

आता ठेक्याकडे जरा जवळून पाहू, कारण ग्रूव्ह म्हणजे नेमकं काय याचं उत्तर तिथेच आहे. केरव्याचे बोल गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात: धा गे ना ती, ना के धी ना. आठ मात्रा. यात डग्गा मोकळा कुठे घुमतो? पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. सहाव्या मात्रेवरचा ‘के’ही डग्ग्यावरच वाजतो, पण तिथे पंजा पुडीवर दाबलेला असतो, म्हणून आवाज येतो आणि सूर मरतो. बेस वाजवणारे ज्याला डेड नोट म्हणतात आणि जी शिकायला ते महिनोन्‌महिने डेट्रॉइट-फिलाडेल्फियाच्या रेकॉर्डी ऐकतात, ती डेड नोट केरव्यात कधीपासून बसलेली आहे. डग्ग्यावर मनगट पुढे सरकवून काढलेली घसीट आणि बेसच्या तारेवर बोट न उचलता काढलेली घसीट कानाला एकाच जातीच्या लागतात.

भजनी ठेका याहून श्रीमंत. मंडळागणिक त्याचे बोल थोडे बदलतात, पण ढाचा असा: धीं ऽ ना धीं ऽ धीं ना ऽ, तीं ऽ ना तीं ऽ तीं ना ऽ. पहिल्या अर्ध्यात आठ टप्पे धरले तर डग्गा पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या टप्प्यावर बोलतो. सरळ चारचार मोजणाऱ्याचा पाय इथे अडखळतो, आणि नेमक्या याच अडखळण्यात डोलायला लावणारी गंमत आहे. दुसऱ्या अर्ध्यात ‘धीं’चा ‘तीं’ होतो. तबला तेच आघात तसेच वाजवत राहतो आणि डग्गा पूर्ण गप्प बसतो. यालाच आपण खाली म्हणतो.

खालचा आवाज काढून घेऊन तालाचा अर्धा भाग ओळखीचा करायचा, ही कल्पना जगातल्या किती संगीतांनी इतक्या नेमाने जपली आहे? जमैकाच्या रेगे संगीतात पहिली मात्रा सोडून देण्याच्या रीतीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली, आणि ती योग्यच लिहिली गेली. इथल्या भजनात डग्ग्याच्या मौनावर अख्खा ताल उभा आहे, तरी इथल्या पोराला कुणी तरी सांगतं की बेसमध्ये कुठे थांबायचं हे समजायला परदेशी शिकवणी लावावी लागेल.

इथपर्यंत ऐकल्यावर विरोधक म्हणतो, ‘ठीक आहे, पण हा झाला ताल. डग्ग्याला ठरलेला सूर नसतो. बेसवर सूर निवडावा लागतो, तिथे काय कराल?’ प्रश्न रास्त आहे, आणि रचना सुरू होते तीही तिथेच.

समजा गाणारा काळी दोनमध्ये गातो. बेसची सर्वांत जाड तार नेहमीच्या मेळात पांढरी तीनवर असते, म्हणजे गाणाऱ्याच्या ‘सा’पेक्षा अर्धा सूर वर. चारही तारा अर्धा सूर उतरवल्या की जाड तार मोकळी वाजवताच काळी दोनचा ‘सा’ मिळतो. तो सेकंदाला ३८.९ कंपनांचा, गाणाऱ्याच्या ‘सा’च्या बरोबर दोन सप्तकं खाली. आता उरलेल्या तीन तारा मोकळ्याच छेडून बघाव्यात. दुसरी तार शुद्ध मध्यम देते, तिसरी कोमल निषाद, चौथी वरच्या सप्तकातला कोमल गंधार. सा, म, कोमल नी, कोमल ग. मालकंसाच्या पाच सुरांपैकी चार सूर डावं बोट न टेकवता हाताशी आले. राहिला फक्त कोमल धैवत. अमेरिकेत वेगळ्याच हिशेबाने लावलेल्या तारांमध्ये मालकंस दडून बसला आहे, आणि मालकंस भजनी मंडळांना काही नवा नाही.

गाणारी बाई असेल आणि तिचा सूर काळी चार असेल, तर त्याच उतरवलेल्या बेसची दुसरी तार तिचा ‘सा’ होते, जाड तार तिचा मंद्र पंचम होते, तिसरी मध्यम. म्हणजे वाद्य पुन्हा न लावता दोन्ही सूर सांभाळता येतात.

आता एक ग्रूव्ह बांधून पाहू. भजनी ठेक्यातल्या डग्ग्याच्या तीन जागा घ्यायच्या. पहिल्या टप्प्यावर मोकळा ‘सा’, चौथ्यावर मोकळा ‘म’, सहाव्यावर एकदम वरचा कोमल ‘ग’. मध्यमावरून त्या गंधारावर मारलेली उडी कुठलाही गवई सहसा घेणार नाही. गळ्याला ती अवघड जाते. बेसला मात्र ती शोभते, कारण ती एका तारेवरून दोन तारा पलीकडे टाकलेलं एक बोट आहे, बाकी काही नाही. दुसरा अर्धा भाग सगळा मोकळा सोडायचा, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर कोमल ‘नी’ छेडून त्याच तारेच्या दुसऱ्या पडद्यावर वरच्या ‘सा’त शिरायचं, तीच पुढच्या आवर्तनाची सम. मोकळी तार वाजवणं सोपं असतं, ती वेळेत बंद करणं कठीण. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवणं हेच इथलं खरं काम. ‘ग’ घुमत राहिला तर खालीची जागा बुजते आणि सगळा डोलारा कोसळतो.

हा ग्रूव्ह कुणाची नक्कल नाही आणि तो बांधायला गाव सोडावं लागलं नाही. यापुढे काय करायचं ते वाजवणाऱ्याने ठरवावं: ‘ग’ची उडी दर चौथ्या आवर्तनालाच घ्यायची, की धैवतावरून घसीट घेत ‘म’वर यायचं, की समेचा ‘सा’च गाळून टाकायचा. हे निर्णय म्हणजेच रचना.

बेसच्या पाठ्यपुस्तकांत पहिला धडा ठरलेला असतो: मूळ सूर आणि त्याचा पंचम, आलटून पालटून. हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रातले बेसवादक हाच धडा जन्मभर वाजवतात. मालकंसात पंचमच नाही. तिथे तानपुरासुद्धा मध्यमात लावतात. म्हणजे पुस्तकातला पहिला धडा जसाच्या तसा लावला की राग पहिल्याच आवर्तनात बिघडतो. पाश्चात्त्य शास्त्र शिकू नये असं इथे कुणी म्हणत नाही. ते जरूर शिकावं, कॉर्ड समजून घ्यावेत, स्टाफ नोटेशनही वाचावं. पण ते न शिकलेल्याला रचण्याचा अधिकार नाही, हा दंडक मान्य करता येणार नाही, कारण इथल्या सुरांपुढे तो दंडकच अनेकदा निरुत्तर होतो.

या वाटेवर मुंबईतला एक माणूस चाळीस वर्षांपूर्वी चालून गेला आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतली, त्यातलं टीबी-३०३ हे खास बेसच्या ओळी वाजवण्यासाठी बनवलेलं, आणि भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. गिटारवाल्याला घरी सरावासाठी सोबत मिळावी म्हणून काढलेलं ते यंत्र बाजारात आपटलं, आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंदही केलं. सिंग यांना त्यात दुसरंच काही दिसलं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्या यंत्रात होती, आणि रागाला हवी असते ती हीच. या रागांची रेकॉर्ड त्या वेळी कुणी फारशी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या तरुणांनी त्याच टीबी-३०३वर बेस वळवून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढली आणि ॲसिड हाऊस नावाचा नवा प्रकार जगभर गाजला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशी ऐकणारे चक्रावून गेले, की हे मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. २०१५ मध्ये ते गेले. बेसची ओळ रागातून बांधता येते की नाही, या वादाचा निकाल १९८२ मध्येच लागला आहे, फक्त तो आपण वाचला नाही.

‘बेसला चाल नसते’ हा दुसरा मुद्दा याहूनही पोकळ. पनवेलजवळच्या पळस्पे गावात झिया मोहिउद्दीन डागर यांनी गुरुकुल वसवलं. ते रुद्रवीणा वाजवत. वीणेचे भोपळे मोठे करून, तारा जाड करून त्यांनी तिचा आवाज आणखी खाली नेला, आणि मंद्र सप्तकात रागाचा आलाप इतक्या सावकाश मांडला की एकेका सुराभोवती मिनिटं जावीत. अन्नपूर्णा देवी मुंबईत राहून सूरबहार वाजवत, सतारीपेक्षा जाड तारांचं, खालच्या आवाजाचं वाद्य, आणि २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा देशातल्या कितीतरी थोर वादकांच्या गुरू म्हणून त्यांचं नाव घेतलं गेलं. या दोघांनी काय वाजवलं? खर्जात चाल वाजवली. महाराष्ट्राच्या भूमीवर वाजवली. पहाटे उठून खर्जाचा रियाज करणारा गवईही जाणतो की खालच्या सुरांत नुसता आधार नसतो, तिथे राग राहतो.

डागर आणि अन्नपूर्णा देवी एकल वाजवत, बेस सोबतीला असतो, असा भेद कुणी काढेल. मग सोबतीतलं उदाहरण घेऊ. ‘इंडियन ओशन’ बँडचे राहुल राम बेस वाजवता वाजवता गातात. नर्मदा बचाव आंदोलनात असताना खोऱ्यात ऐकलेलं नर्मदेचं गाणं त्यांच्या बँडने २०००च्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये घेतलं. सातपुड्याच्या पलीकडच्या त्या खोऱ्यातल्या गाण्याला बेस गिटार परकी वाटली नाही, उलट त्या बेसशिवाय आता ते गाणं अनेकांना आठवतच नाही. महाराष्ट्रात अभंगांना बेस-ड्रम्सची जोड देणारा ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँडही उभा राहिला आहे, आणि तरुण मुलं त्याच्या कार्यक्रमांना गर्दी करतात.

आता गाव आणि शहर. बेस गिटारच्या इतिहासातलं सर्वांत आदराचं नाव घ्यायचं तर ते जेम्स जेमरसन यांचं. ते दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो नावाच्या बेटावर जन्मले, लहान वस्तीतले. पुढे ते डेट्रॉइटला गेले आणि मोटाऊन कंपनीच्या गाण्यांवर उजव्या हाताच्या एकाच बोटाने असा बेस वाजवला की लोक तो गाण्याबरोबर गुणगुणू लागले. शहराने त्यांना काम दिलं हे खरंच, पण नाव दिलं का? मोटाऊनच्या तळघरातल्या वादकांची नावं रेकॉर्डवर छापण्याची पद्धतच नव्हती. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती पहिल्यांदा आली, तोपर्यंत जेमरसन यांनी कंपनीला दहाबारा वर्षं दिली होती. तिकडे लॅरी ग्रॅहम यांनी अंगठ्याने तार ठोकायची स्लॅपची पद्धत शोधली ती कुठल्याही संगीत विद्यालयात नाही. ते आईबरोबर छोट्या कार्यक्रमांत वाजवत. ड्रमवाला सोडून गेला, तर ठोक्याची उणीव भरायला त्यांनी तारच ठोकायला सुरुवात केली. अडचणीतून सुचलेलं ते तंत्र आज जगभर शिकवलं जातं. साधनं कमी असलेल्या गावातल्या वादकाला ही हकीगत कुणी सांगत नाही, गाजलेली स्लॅपची रिफ तेवढी सांगितली जाते.

खेड्यातल्या ऐकणाऱ्याला बेस कळत नाही, असाही एक आरोप असतो, आणि पुरावा म्हणून डीजेच्या भिंती दाखवल्या जातात. वरातीतली ती धडधड म्हणजे बेस, गावाला तेवढंच हवं असतं, असा युक्तिवाद. डीजेतला तो आवाज बहुतेक वेळा एकाच सुरावरच्या ठोक्याचा असतो. त्यात ओळ नसते, थांबणं नसतं, खाली नसते. त्याचा त्रास खरा आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांची तक्रार रास्त आहे, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. पण ज्या मापाने हा आवाज मोजतात ते माप मानवी कानाच्या हिशेबाने खालच्या आवाजाला फार कमी धरतं. ५० कंपनांच्या आवाजातले जवळपास ३० डेसिबल ते मोजतच नाही. छातीत जाणवणारा धक्का यंत्राच्या आकड्यात उतरत नाही तो यामुळे. एवढं सगळं असलं तरी त्याचा राग बेसवर काढणं चूक. गावाला खालचा आवाज आवडतो हे त्या भिंतींनी सिद्ध केलं आहे. त्या आवाजात अर्थ कुणी घालायचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो वाजवणाऱ्याचा प्रश्न आहे.

खरा शत्रू डीजेपेक्षा जवळ बसला आहे. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डमध्ये तयार ठेके असतात, डाव्या हाताने एक कॉर्ड दाबला की बेसची ओळ आपोआप वाजते. जोडीला ऑक्टोपॅड असला की ड्रमवालाही लागत नाही. आयोजकाचं एक मानधन वाचतं, आणि बेसवाला घरी. ही तयार ओळ बेसुरी नसते, चुकतही नाही. पण भजन रंगात आलं की मृदंगी लय वाढवत नेतो, गाणारा एखादी ओळ दोनदा घेतो, टाळकरी अंगावर येतात. यंत्रातली ओळ मात्र बटण दाबलं त्याच लयीत आणि त्याच वळणाने चालत राहते. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री कुठल्याही मंडळात हे कानांनी तपासता येईल. लयीबरोबर बदलणारी, गाणाऱ्याचा श्वास ओळखून थांबणारी ओळ जिवंत माणसालाच रचता येते, आणि त्या माणसाला नक्कलच शिकवली असेल तर तो यंत्राशी कसा स्पर्धा करणार? नक्कल यंत्र जास्त चांगली करतं.

राहिला सर्वांत दमदार आक्षेप. ‘सूर बाराच आहेत. आजवर सगळ्या रिफ वाजवून झाल्या आहेत. नवं काही शक्यच नाही, आणि केलं तरी ते तुमचं राहत नाही.’ पहिल्या भागाला उत्तर सोपं आहे. ‘शीक’ बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये ‘गुड टाइम्स’साठी वाजवलेली ओळ मोजक्याच सुरांची आहे. त्याच वर्षी ती ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये गेली आणि रॅप पहिल्यांदा घराघरांत पोचला. सुरांची संख्या तीच, पण ती ओळ आधी कुणी वाजवली नव्हती. नवेपणा सुरांत कमी आणि जागांत जास्त असतो, कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प राहायचं यात. डग्ग्याचं उदाहरण पुन्हा द्यायची गरज नाही.

‘तुमचं राहत नाही’ या भागात मात्र तथ्य आहे, आणि ते झाकून चालणार नाही. बॉब मार्ली यांच्या बँडचे बेसवादक ॲस्टन बॅरेट यांनी आपल्या हक्काच्या पैशांसाठी लंडनच्या न्यायालयात धाव घेतली. २००६ मध्ये ते हरले, कारण आधी झालेल्या समझोत्याने त्यांचे हात बांधले गेले होते. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर टोनी वाझ यांनी बेस वाजवला, त्या ओळी आज लग्नाच्या मांडवात कुणीही ओळखतो, पण त्यांचं नाव किती जणांनी ऐकलं आहे? गोव्याहून मुंबईला आलेल्या वादकांच्या पिढ्यांनी हिंदी आणि मराठी गाण्यांना घडवलं आणि श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी ओळ नव्हती.

म्हणून कायदा माहीत असावा. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली किंवा लिहिलेली चाल अशी व्याख्या होती. १९९४ मध्ये ती बदलली. आता संगीत रचणारा तो रचनाकार, मग त्याने ते कुठल्याही लिपीत उतरवलेलं असो वा नसो. नोटेशन न येणाऱ्या वादकाला रचनाकार म्हणायला कायदा तयार आहे, अडून बसली आहे ती फक्त आपल्या मैफलींची रीत. कॉपीराइट मिळायला नोंदणीची सक्तीही नाही. मोबाईलवर तारखेसह केलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवलं तरी वेळ पडल्यास ते उपयोगी पडू शकतं. २०१२च्या दुरुस्तीने वादकालाही सादरकर्ता म्हणून मानधनापलीकडचे हक्क दिले. अमेरिकेत मार्व्हिन गे यांच्या गाण्याच्या ग्रूव्हवरून झालेला खटला त्यांच्या वारसांनी २०१५ मध्ये जिंकला आणि २०१८ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. ग्रूव्हला मालक असतो का, यावर तिथे अजून वाद चालू आहे. काहींना तो निकाल नव्या संगीतकारांच्या गळ्याला फास वाटतो, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. पण बेसच्या ओळीला किंमत नाही, असं आता तिथे कुणी म्हणू शकत नाही.

मोबाईलवरच रेकॉर्ड करायचं तर एक गोष्ट सांभाळावी लागते. फोनचा छोटा स्पीकर ४० कंपनांचा सूर वाजवूच शकत नाही. तरीही कान त्या सुराच्या वरच्या कंपनांवरून मूळ सूर आपणच जुळवून घेतो. त्या वरच्या कंपनांनाच धार नसेल, बोट तारेवर फार मऊ पडत असेल, तर ऐकणाऱ्याला काहीच पोचत नाही. म्हणून ओळ रचताना तिचा एखादा तरी टप्पा वरच्या सप्तकात न्यावा आणि बोट घोडीकडे सरकवून कडक आघात द्यावा. वरच्या उदाहरणातली कोमल गंधाराची उडी याही कामाला येते.

गणपतीत आणि नवरात्रात मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यात ऑर्केस्ट्रा होतात, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत बँड उभे राहतात. तिथल्या परीक्षकांनी मूळ गाण्याशी किती जुळलं एवढंच मोजणं थांबवावं आणि स्वतः बांधलेल्या ठेक्याला, स्वतः रचलेल्या बेसच्या ओळीला वेगळे गुण ठेवावेत. सप्ताहाच्या मंडळाने एखाद्या रात्री मृदंग्याशेजारी बेस घेऊन बसू देण्याची परवानगी द्यावी, आणि बसणाऱ्याने तिथे डग्ग्याची जागा बळकावू नये. मृदंगी गप्प बसतो तिथे आपणही गप्प बसायचं, हे आधी शिकावं. निवेदकाने गायकाचं, कीबोर्डवाल्याचं, ऑक्टोपॅडवाल्याचं नाव घेतल्यावर बेसवाल्याचंही घ्यावं, आणि ओळ त्याने स्वतः रचलेली असेल तर तसं माईकवरून सांगावं.